चालकाच्या खांदेदुखीत पाठीवरच्या पात्याचा वाटा

हात शरीराच्या बाजूने उचलून थेट डोक्यावर नेला, तर तो सुमारे १८० अंशांतून फिरतो. मात्र ही सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यात होत नाही. त्यातले साधारण १२० अंश या सांध्याचे असतात आणि उरलेले ६० अंश पाठीवर, बरगड्यांवरून सरकत फिरणाऱ्या खांद्याच्या पात्याचे. इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलेले हे २:१ चे प्रमाण व्यक्तीनुसार थोडे बदलते, तरी अंदाजासाठी आजही वापरले जाते.

धडाच्या सांगाड्याशी या पात्याचा हाडाचा दुवा एकच आहे, तो म्हणजे गळपट्टीचे हाड. बाकी सारी भिस्त त्याला चिकटलेल्या सतरा स्नायूंवर असते. त्यामुळे दिवसातले आठ-दहा तास शरीर ज्या स्थितीत राहते, तिचा परिणाम पात्याच्या चालीवर होऊ शकतो. ही चाल बिघडली की तिला ‘स्कॅप्युलर डिस्कायनेसिस’ म्हणतात.

चालकाला जड वजन उचलावे लागत नाही, म्हणून त्याच्या खांद्यावर ताण नसेल असे वाटते. पण ७० किलो वजनाच्या माणसाचा एकेक हात सुमारे साडेतीन किलोचा असतो, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर पुढे धरून ठेवताना त्यांच्या वजनाचा बराचसा भार मान आणि पाते यांमधल्या स्नायूंवर येतो. स्टिअरिंग लांब असेल तर चालक पुढे झुकतो, खांदे गोलावतात आणि मान पुढे जाते. छातीतला ‘पेक्टोरॅलिस मायनर’ हा लहान स्नायू सतत आखडलेल्या स्थितीत राहिल्यास पात्याला पुढे व खाली ओढतो. त्याच वेळी पात्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा ‘सेरेटस अँटिरिअर’ आणि मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या ‘ट्रॅपेझियस’ या स्नायूचा खालचा भाग कमी पडले, तर हात उचलताना पाते पुरेसे वर फिरत नाही. मग खांद्याच्या छताखालची (सांध्यावर पुढे आलेल्या पात्याच्या हाडाखालची), जेमतेम एक सेंटिमीटरची जागा आणखी आक्रसून तिथला स्नायुबंध घासला जाण्याची शक्यता वाढते. वाहनाची कंपने आणि गिअर बदलणाऱ्या हाताची एकाच बाजूची हालचाल यांची त्यात भर पडते.

तपासताना फिजिओथेरपिस्ट पाठीमागे उभे राहून, हातात हलके वजन देऊन हात अनेकदा वर-खाली करायला सांगतात आणि पात्याची आतली कड उचलली जाते का, ते पाहतात. अशी उचललेली कड काहीही न दुखणाऱ्या लोकांतही बऱ्याचदा दिसते. तेव्हा केवळ तेवढ्यावरून उपचार सुरू करणे मला घाईचे वाटते. दुखणे आणि चाल यांचा संबंध जुळतो का, हे पाहण्यासाठी पात्याला हाताने आधार देऊन तीच हालचाल पुन्हा करवतात. वेदना कमी झाली, तर पात्यावर काम करण्याला अर्थ आहे.

उपायांत आसनाचा क्रम पहिला. पाठ टेकलेली असताना कोपर थोडे वाकलेले राहील इतके स्टिअरिंग जवळ हवे. त्यानंतर छातीचे स्नायू ताणणे आणि भिंतीवर हात टेकून पुश-अप करताना शेवटी पाठ थोडी मागे ढकलणे, हे व्यायाम काही आठवडे नेमाने करावे लागतात. पाते अचानक पंखासारखे बाहेर आले आणि हात वर उचलण्याची ताकद गेली, तर सेरेटसच्या मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. अशा वेळी व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी व्हायला हवी.