वाळवीची वंशावळ आणि वस्तानचं अँबर

सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइटची खाण आहे. तिथे कोळशाच्या थरांत अँबरचे, म्हणजे घट्ट होऊन टिकलेल्या राळेचे खडे सापडतात. त्यांचं वय 5 कोटी वर्षांहून थोडं जास्त. त्यात अडकलेल्या वाळव्यांचं वर्णन 2011 साली प्रसिद्ध झालं. त्यात नॅनोटर्मिस नावाची एक चिमुकली वाळवी टर्मिटिडी कुळातली निघाली. आजच्या बहुसंख्य वाळव्या याच कुळातल्या आहेत. आपल्याकडे वारुळं उभारणारी ओडोंटोटर्मिसही त्यातलीच. या कुळाचा इतका जुना पुरावा तोवर हाती आला नव्हता.

मग हे कुळ तेव्हा जन्मलं म्हणायचं का? नाही. तेव्हा ते होतं, एवढंच जीवाश्म सांगतो. त्याआधी किती काळ होतं, ते तो सांगू शकत नाही. त्यातून वाळवी मऊ अंगाची आणि दडून राहणारी. राळेत सापडतात ते बहुतेक पंख फुटून बाहेर पडलेले किडे.

जनुकांचं उलटं आहे. दोन जातींतलं एकच जनुक शेजारी मांडलं की त्यातले फरक मोजता येतात. फरक जास्त, तर फारकत जुनी. पण ती किती वर्षांपूर्वीची, हे नुसत्या फरकांवरून कळत नाही. शिवाय बदलांचा वेग प्रत्येक शाखेत वेगळा असतो आणि गणितात तेही धरावं लागतं. म्हणून ‘ही फांदी किमान इतकी जुनी’ अशी खूण जीवाश्मावरून करतात आणि बाकीच्या फांद्यांची वर्षं तिच्या आधारे काढतात. मेख इथेच आहे. जीवाश्म भलत्या फांदीवर बसवला, तर सगळ्या तारखा सरकतात. नमुना नेमका कोणत्या कुळाचा, यावर कीटकतज्ज्ञ इतके हमरीतुमरीवर येतात ते उगाच नाही.

मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या डीएनएवरून 2015 साली केलेल्या हिशेबात आजच्या सर्व वाळव्यांचा समाईक पूर्वज सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. सर्वांत जुने जीवाश्म मात्र सुमारे 13 कोटी वर्षांचे. यात विसंगती नाही. जीवाश्म नेहमी उशिराच हजेरी लावतात. वाळवी झुरळांच्याच वंशातली, लाकूड खाणारं क्रिप्टोसर्कस हे झुरळ तिचं सर्वांत जवळचं नातेवाईक, हेही जनुकांनी पक्कं केलं.

टर्मिटिडी कुळाचं वय त्याच हिशेबात 5 कोटींच्या थोडं पुढे येतं. तोवर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका केव्हाच दुरावली होती. म्हणजे हे कुळ खंडांबरोबर वाटलं गेलेलं नाही. त्यातल्या काही वाळव्या समुद्र ओलांडून गेल्या असणार, बहुधा वाहत्या ओंडक्यांतून.

बुरशीची शेती करणाऱ्या वाळव्यांचा उगम जनुकांवरून आफ्रिकेत, सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. टांझानियात त्यांच्या बुरशीबागांचे 2.5 कोटी वर्षं जुने जीवाश्म मिळाले आहेत, म्हणजे इथे दोन्ही पुरावे बरेच जवळ आले. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, चढ्या भावाने विकली जाणारी अळमी, म्हणजे खाण्याजोगी भूछत्रं, हे त्याच शेतीचं पीक आहे.