क्रेडिट युनियन (अमेरिका)

सभासदांच्या मालकीची, ना-नफा तत्त्वावर चालणारी अमेरिकी पतसंस्था. ठेवीदार हाच तिचा भागधारक आणि बहुधा तोच कर्जदार. ठेव कितीही मोठी असली तरी मत एकच. सभासदांतून निवडलेले संचालक सामान्यतः विनामोबदला काम करतात. एकाच गिरणीत, कचेरीत, चर्चमध्ये किंवा परिसरात असणाऱ्यांनाच सभासदत्व देण्याची मूळ पद्धत होती. कर्ज मागणारा माणूस कसा आहे हे समितीला ठाऊक असे, आणि तारण नसले तरी तेवढ्यावर काम भागे. आपल्याकडील पगारदार नोकरांच्या पतपेढ्या याच कुळातल्या.

हे कूळ एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सहकाराचा पाया घालणाऱ्या शुल्झ-डेलिच आणि राइफायझेन यांच्या पतसंस्थांपर्यंत जाते. अमेरिकेत कल्पना पोहोचली ती मात्र शेजारच्या कॅनडातील क्वेबेक प्रांतातून. तेथे १९०० मध्ये लोकपेढी काढणाऱ्या आल्फोन्स देजार्दँ यांच्या मदतीने न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे फ्रेंच-कॅनेडियन गिरणी कामगारांसाठी १९०८ मध्ये पहिली क्रेडिट युनियन स्थापन झाली. दुसरा धागा थेट भारतातला आहे. बोस्टनचे दुकानदार एडवर्ड फाइलीन १९०७ मध्ये भारतात आले असता त्यांनी १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याखाली निघालेल्या बंगालमधील शेतकऱ्यांच्या पतसंस्था पाहिल्या आणि ते भारावले. क्रेडिट युनियनसाठी मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०९ मध्ये केलेल्या कायद्यामागे देजार्दँ, फाइलीन आणि राज्याचे बँक आयुक्त पिअर जे या तिघांचा हात होता.

त्या काळी बँका कामगाराला दारात उभे करत नसत, आणि शहरी सावकार महिन्याला दहा टक्के, कधी त्याहूनही अधिक व्याज उकळत. प्रागतिक सुधारकांचा आक्षेप एवढ्यावर थांबत नव्हता. जनतेच्याच ठेवींच्या जोरावर मूठभर बँकर उद्योगांवर ताबा मिळवतात, अशी टीका लुई ब्रँडाइस करीत. हेच ब्रँडाइस फाइलीन यांचे वकीलही होते. फाइलीन स्वतः समाजवादी नव्हते. मोठ्या प्रमाणावर माल काढायचा तर तो विकत घेण्याची ऐपतही सर्वांकडे हवी, असे ते सांगत. यात व्यापाऱ्याचा रोकडा हिशेब होता. पण नंतर मंदीच्या काळात सरकारने आखलेल्या ‘न्यू डील’ या आर्थिक धोरणाचा हाच एक आधार ठरला. फाइलीन यांच्या पैशावर १९२१ पासून रॉय बर्गनग्रेन राज्याराज्यांत फिरून कायदे करवून घेत राहिले. जून १९३४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी क्रेडिट युनियनच्या संघीय (देशव्यापी) कायद्यावर सही केली. कर्जावरील व्याजाची कमाल मर्यादा महिना एक टक्का ठरली. १९३७ मध्ये संघीय करमाफी मिळाली.

१९७० पासून ठेवींना स्वतंत्र विमा आहे. सभासदत्वाची अट मात्र सैल होत गेली. एकाच संस्थेत असंबद्ध गट घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हरकत घेतली, तेव्हा काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) काही महिन्यांतच कायदा बदलून ती वाट मोकळी केली. २०११ मध्ये, वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलनाच्या दिवसांत, मोठ्या बँकांतील खाती क्रेडिट युनियनकडे नेण्याची मोहीम गाजली.

विलीनीकरणांमुळे संस्थांची संख्या १९७० च्या सुमारास असलेल्या वीस हजारांहून अधिकवरून आज पाच हजारांच्या आत आली आहे; सभासद मात्र १४ कोटींच्या आसपास आहेत. १९३३ मध्ये नौदल खात्यातील मोजक्या कर्मचाऱ्यांनी काढलेल्या ‘नेव्ही फेडरल’चे सभासद आता एक कोटीहून अधिक आहेत. एवढ्या पसाऱ्यात एका मताला कितपत वजन उरते, ही शंका रास्तच आहे. अलीकडे काही क्रेडिट युनियन छोट्या बँकाच विकत घेऊ लागल्या आहेत, आणि करमाफी रद्द करा ही बँकांची जुनी मागणी त्यामुळे अधिकच तीव्र झाली आहे.