एका सिंहासनाचे दोन राजे: दुसऱ्या हेन्रीच्या घरातल्या बंडाची पार्श्वभूमी

मार्च ११७३. अठरा वर्षांचा हेन्री शिनाँच्या किल्ल्यातून रातोरात निसटला आणि सासऱ्याकडे, फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याकडे गेला. बाप दुसरा हेन्री इंग्लंडचा राजा. पण मुलगाही नुसता युवराज नव्हता. तीन वर्षांपूर्वीच वेस्टमिन्स्टरला त्याचा रीतसर राज्याभिषेक झाला होता. बाप धडधाकट असताना हा खटाटोप कशासाठी?

त्याचं मूळ ११२० सालच्या एका जहाजबुडीत आहे. बारफ्लरहून निघालेलं ‘व्हाइट शिप’ बुडालं आणि पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम त्यात गेला. राजाने सरदारांकडून मुलगी मॅटिल्डा हिच्यासाठी शपथा घेतल्या. तो ११३५ मध्ये वारला आणि शपथ घेतलेल्यांपैकीच एक, भाचा स्टीफन, लगोलग लंडन गाठून गादीवर बसला. मग यादवी. स्टीफनलाही पुढे तीच धास्ती पडली. ११५२ मध्ये आपल्या हयातीतच मुलगा युस्टेस याला मुकुट चढवावा असा त्याने घाट घातला, पण चर्चने साफ नकार दिला. पुढच्या वर्षी युस्टेस मेला, तह झाला आणि ११५४ मध्ये मॅटिल्डाचा मुलगा गादीवर आला. तोच हा दुसरा हेन्री.

गादीचा वाद काय करतो हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. फ्रान्सचे राजे थोरल्या मुलाला हयातीतच अभिषेक करून मोकळे होत. त्याने तेच केलं. पण अभिषेकाचा मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा, आणि तो थॉमस बेकेट तेव्हा राजाशी भांडून परागंदा. जून ११७० मध्ये हेन्रीने यॉर्कच्या आर्चबिशपकडून काम उरकून घेतलं. चिघळत आलेल्या भांडणात ही भर पडली आणि डिसेंबरअखेर राजाच्या सरदारांनी बेकेटला कॅथिड्रलमध्येच ठार केलं.

इतकं करून धाकट्या राजाच्या, म्हणजे मुलगा हेन्रीच्या, हाती काय आलं? मुकुट मिळाला, पण मुलूख नाही, महसूल नाही. त्यातच बापाने सहा वर्षांच्या जॉनच्या सोयरिकीसाठी शिनाँ, लूदाँ आणि मिरबो हे किल्ले देऊ केले. थोरल्याच्या वाट्याचे किल्ले शेंडेफळाला! ठिणगी पडायला एवढं पुरे झालं. रिचर्ड आणि जेफ्री भावाला मिळाले. आई एलिनॉर पुरुषवेषात निघाली असताना पकडली गेली आणि नवरा मरेपर्यंत कैदेत राहिली. माझ्या मते मुलांच्या कृतघ्नपणापेक्षा बापाची घट्ट मूठच याला जास्त जबाबदार आहे. नाव देऊन सत्ता राखून ठेवायची, हे फार काळ चालणारं नव्हतं.

जुलै ११७४ मध्ये हेन्री अनवाणी कँटरबरीत शिरला. बेकेटच्या थडग्यापाशी त्याने मठातल्या भिक्षूंकडून पाठीवर फटके खाल्ले आणि रात्र उपाशीपोटी तिथेच काढली. दुसऱ्याच दिवशी बंडखोरांचा साथीदार, स्कॉटलंडचा राजा विल्यम, अॅनिकजवळ पकडला गेला. संत ठरलेला बेकेट प्रसन्न झाला असं लोकांनी मानलं. राजाला तेच हवं होतं.

बंड मोडलं, पण मुलांना सत्ता मिळालीच नाही. थोरला ११८३ मध्ये पुन्हा बापाविरुद्ध लढताना हगवणीने मेला. इंग्लंडच्या राजांच्या क्रमांकात त्याची गणतीही होत नाही. ११८९ मध्ये रिचर्डने फ्रान्सच्या फिलिपला हाताशी धरून बापाला नमवलं. फितुरांच्या यादीत लाडक्या जॉनचं नाव निघालं आणि थोड्याच दिवसांत हेन्री शिनाँला वारला.

वारसाला हयातीत अभिषेक करायचा प्रयोग इंग्लंडमध्ये पुन्हा कुणी केला नाही. ११९९ मध्ये रिचर्ड निपुत्रिक गेला, तेव्हा भाऊ जॉन की पुतण्या आर्थर, यावरून पुन्हा तलवारी निघाल्या.