मुक्तिफौजेचे समाजकार्य आणि वसाहतींचा वाद : पार्श्वभूमी

मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे) चार जणांचे पहिले पथक 19 सप्टेंबर 1882 रोजी मुंबईत उतरले. पथकाचा प्रमुख सनदी नोकरीचा राजीनामा देऊन आला होता आणि पुढे फकिरी वेश व देशी नाव धारण करून वावरला. मिरवणुकांवरून झालेल्या अटका आणि खटले यांनी या कामाचा आरंभ गाजला.

गुजरातेत मिशनांच्या मदतकार्याला मोठे स्वरूप आले ते छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली. एकट्या बडोदे संस्थानची लोकसंख्या 1891 मधील 24.15 लाखांवरून 1901 मध्ये 19.52 लाखांवर आली, यावरून त्या आपत्तीचा अंदाज यावा. मुक्तिफौजेचे आणंदचे रुग्णालयही विसाव्या शतकाच्या आरंभीचेच. बडोद्यातील आपल्या मराठी मंडळींत संस्थानच्या सक्तीच्या शिक्षणाची चर्चा नेहमी होते. शेजारच्या चरोतरातील (आणंद-खेडा भागातील) या कामाची मात्र फारशी होत नाही.

मूल्यमापनाचा खरा पेच आहे तो वसाहतींचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना देखरेखीखाली ठेवण्याच्या वस्त्यांचा. 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. 1908 मध्ये संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) सरकारने गोरखपूर येथील वसाहत मुक्तिफौजेकडे सोपवली आणि संस्थेने ती जबाबदारी स्वीकारली. 1911 च्या सुधारित कायद्यानंतर अशा वसाहती वाढल्या. आंध्रातील स्टुअर्टपुरम 1913 चे. समर्थकांचे म्हणणे असे, की तुरुंगाऐवजी येथे हातमाग, जमीन, शाळा आणि औषध मिळत होते, आणि यात तथ्य आहे. पण रहिवाशाला हजेरी चुकवता येत नव्हती, परवान्याच्या चिठ्ठीशिवाय हद्द ओलांडता येत नव्हती, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची मुभा त्याच कायद्याने सरकारला दिली होती. जखमेवर पट्टी बांधणारी संस्थाच हजेरीचे पुस्तकही सांभाळत होती. सेवा घेणाऱ्याला ती नाकारण्याची सोय नसेल, तर तिला निव्वळ परोपकार म्हणणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. संस्थेचा हेतू प्रामाणिक होता हे गृहीत धरले, तरी चर्चने राज्यसत्तेची कोठडी चालवायला घ्यावी का, हा प्रश्न त्या हेतूने सुटत नाही. त्या काळच्या अहवालांत कापडाचे वार आणि सुधारलेल्या कुटुंबांची वर्णने आवर्जून येतात. रहिवाशांचा स्वतःचा आवाज मात्र फार कमी उमटतो, आणि म्हणूनच त्या यशोगाथा जपून वाचाव्या लागतात.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तथापि मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला, आणि पोलिसांचा संशय पुन्हा त्याच वस्त्यांकडे वळला. बंगालमधील शबर या विमुक्त जमातीतील एका तरुणाच्या कोठडीतील मृत्यूनंतर 1998 मध्ये विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशव्यापी गट उभा राहिला, तो बडोद्यातून; त्यात मराठी, गुजराती आणि बंगाली लेखक एकत्र आले होते. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्याच वर्षी त्या मृत्यूवर नाटक उभे केले. छारानगर हीसुद्धा मुळात अशीच एक वसाहत. या जमातींसाठी केंद्राने नेमलेल्या एका आयोगाचा अहवाल 2008 मध्ये सादर झाला, दुसऱ्याचा त्यानंतर दशकभराने. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानून तुरुंगात वेगळी वागणूक देणाऱ्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले, ते ऑक्टोबर 2024 मध्ये.