स्टेंटच्या न दिसणाऱ्या जाळीतून वाट काढताना

मेंदूतल्या धमनीच्या भिंतीला कमकुवत जागी फुगा आला, की त्याला एन्युरिझम म्हणतात. तो बहुधा धमनीला फाटा फुटतो तिथेच येतो. साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. फुटला, तर मात्र जिवावर बेततं.

इटालियन डॉक्टर गुइदो गुल्येल्मी यांच्या प्लॅटिनमच्या कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरल्या गेल्या. तेव्हापासून कवटी न उघडता, जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून आत शिरून हा फुगा कॉइलने भरता येऊ लागला. अडचण येते ती फुग्याची मान रुंद असली की. चार मिलिमीटरच्या पुढच्या मानेतून कॉइल धमनीत घरंगळू शकते. म्हणून धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीदार नळी, बसवून फुग्याच्या तोंडावर जाळी आडवी घालतात. पण दारच जाळीने झाकलं, तर कॉइल घेऊन आत जायचं कुठून?

जाळीतूनच. कॉइल आत नेणारी बारीक नळी म्हणजे मायक्रोकॅथेटर. त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, आणि त्याच्या पोटातून पुढे जाणारी गाइडवायर सुमारे ०.३६ मिलिमीटर. जाळीची घरं त्याहून ऐसपैस असतात. हिशेबाने सगळं सहज बसतं. तरीही वायर आत जाते आणि कॅथेटर बाहेर अडून राहतं, कारण वायर आणि कॅथेटर यांच्या जाडीत फरक आहे. वायर जिथे कॅथेटरच्या तोंडातून बाहेर पडते तिथे बारीकशी पायरी तयार होते आणि ती नेमकी जाळीच्या तारेला अडते.

अशा वेळी जोर लावणं सगळ्यात घातक. डॉक्टरांचा हात आणि कॅथेटरचं टोक यांच्यात मीटरभराहून जास्त लांबीची वळणावळणाची नळी असते. मागून ढकललं तर ती प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या भिंतीला टेकते, टोक हलत नाही आणि जोर नळीतच साठत जातो. अडकलेला ड्रॉवर हिसका देताच एकदम हातात यावा, तसं कॅथेटर मग अचानक पुढे उसळतं. पुढ्यात असते फुग्याची पातळ भिंत. म्हणून अनुभवी हात आधी थोडं मागे ओढतात. वळणांतली ढील निघते आणि गंमत म्हणजे ओढता ओढता टोक कधी कधी आपणहून पुढे सरकतं! तेवढ्यानं भागलं नाही तर वायर फिरवून कोन बदलायचा किंवा शेजारचं घर धरायचं. टोकाला आकार देण्याचं काम त्याआधीच झालेलं असतं: आत वाकवलेली तार घालून वाफ द्यायची, मग गार करायचं. वाक हवा त्यापेक्षा थोडा जास्तच देतात, कारण तार काढली की तो थोडा सैलावतो.

हे सगळं जवळजवळ आंधळेपणाने चालतं, हे मला सर्वांत थक्क करणारं वाटतं. नायटिनॉल या मिश्रधातूच्या अनेक स्टेंटच्या तारा एक्स-रेच्या पडद्यावर धड दिसतच नाहीत. दिसतात त्या दोन्ही टोकांच्या खुणा. त्यामुळे वायर स्टेंटच्या पोटातून चालली आहे की स्टेंट आणि भिंत यांच्या फटीत घुसली आहे, हेही चटकन कळत नाही. फटीतून गेली तर स्टेंटच सरकायची भीती. म्हणून वायरचं टोक आकड्यासारखं वाकवून स्टेंटमधून नेतात. वाकलेलं टोक फटीत सहसा शिरत नाही.

दुसरी वाट म्हणजे जेलिंग. कॅथेटर आधीच फुग्यात ठेवायचं आणि स्टेंट नंतर उघडायचा. कॅथेटर स्टेंट आणि भिंत यांच्यामध्ये दाबलं जातं. जाळी ओलांडायची कटकट वाचते, पण टोक मोकळेपणाने हलवता येत नाही. आणि ते फुग्यातून निसटलं, तर परतायला पुन्हा जाळीच ओलांडावी लागते. फ्लो डायव्हर्टर नावाच्या दाट जाळीत तीही सोय नाही. काहींत ४८ तारा विणलेल्या असतात आणि छिद्रं इतकी बारीक, की कॅथेटर शिरूच शकत नाही. तिथे कॉइलही घालायची असेल, तर कॅथेटर आधीच आत ठेवावं लागतं.

फुगा फुटलेला नसेल आणि घाई नसेल, तर काही डॉक्टर आधी फक्त स्टेंट बसवतात आणि काही आठवड्यांनी कॉइलसाठी परत येतात. तोवर रुग्णाला रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि स्टेंटच्या तारांवर धमनीचं अस्तर चढू लागतं. असा रुजलेला स्टेंट कॅथेटरच्या धक्क्याने सहसा जागचा हलत नाही.