लेकराचं काम लेकराच्या हातून

बीड जिल्ह्यातून आमच्या बालफिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

‘मॅडम, चालंल का हो आमचं लेकरू?’ पहिल्यांदा येणारे बहुतेक आईवडील हेच विचारतात, आणि ते साहजिक आहे. तपासणी करताना आम्ही मात्र आणखी बरंच काही विचारतो. लेकरू स्वतःच्या हातानं खातं का? शी-शू लागली की सांगतं का, आणि सांगितल्यावर त्याला कोण नेतं? झोपेतून उठून आपलं आपण बसतं का? घरातली माणसं रानात गेली आणि त्याला तहान लागली, तर तांब्यापर्यंत पोचतं का? चालणं हे या सगळ्यातलं एक काम. बाकीची कामं जमली तर न चालणारं लेकरूही शाळेत टिकतं. ती जमली नाहीत तर चालणाऱ्या लेकरामागंसुद्धा आई दिवसभर अडकून पडते.

मालिश आणि व्यायाम

फिजिओथेरपी म्हणजे तेल लावून हातपाय ओढणं, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. मालिशला आमची ना नाही. लेकराला बरं वाटतं, आजीलाही बरं वाटतं. पण मालिशमध्ये सगळं काम मालिश करणाऱ्याचं असतं, लेकरू नुसतं पडून असतं. मेंदू शिकतो तो लेकरानं स्वतः हालचाल केली, ती फसली, पुन्हा केली, तेव्हा.

दिवस भरायच्या आधी झालेली, जन्मल्यावर उशिरा रडलेली, काचेत ठेवलेली, कावीळ फार वाढून मेंदूपर्यंत गेलेली अशी लेकरं आमच्याकडं जास्त येतात. त्यांतल्या पुष्कळांना सेरेब्रल पाल्सी असते, म्हणजे वाढत्या मेंदूच्या काही भागाला इजा झालेली असते. ही इजा पुढं वाढत नाही, पण भरूनही येत नाही. शरीर मात्र वाढत राहतं. हाडं लांबतात, ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत. म्हणून दुसऱ्या वर्षी सहज टेकणारी टाच आठव्या वर्षी जमिनीला लागेनाशी होते आणि लेकरू चवड्यावर चालायला लागतं.

नुसतं ताणून दिल्याचा फायदा फार टिकत नाही, हे आता अभ्यासांतून बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. एक ठरावीक काम निवडायचं आणि त्याच कामाचा भरपूर सराव करायचा, यानं फरक पडतो. म्हणून आमच्याकडं लेकरू खाटेवर कमी आणि पायरीवर, पाटावर, नळाजवळ जास्त दिसेल. ‘इथं तर काहीच करत नाहीत, खेळवतात नुसते’ असं एखाद्या आजोबांना वाटतं. खेळवतोच आम्ही, पण कोणता खेळ कशासाठी हे विचारा, सांगू.

‘चालंल का’ याचं उत्तर

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी १९९७ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरवल्या. आता जगभर त्याच वापरतात. पहिल्या पातळीचं मूल पळतं, जिना चढतं, फक्त तोल आणि वेग कमी पडतो. तिसऱ्या पातळीचं मूल वॉकर किंवा कुबड्या धरून चालतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान आणि पाठ सावरायलाही आधार लागतो. याच गटानं साडेसहाशेहून जास्त मुलांच्या नोंदी ठेवून २००२ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत दिसलं की पहिल्या पातळीची मुलं पाच वर्षांची होईतो, आणि पाचव्या पातळीची मुलं तर तीन वर्षांची व्हायच्या आतच, हालचालींची जी काही मजल गाठायची तिच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचलेली असतात.

म्हणून ‘मोठं झालं की चालंल आपोआप, याचा काकाही उशिरा चालला होता’ हे ऐकून थांबू नका. उलट दहा वर्षांच्या, चौथ्या पातळीच्या (म्हणजे आधार धरूनही फारसं न चालणाऱ्या) मुलाला रोज काखेत धरून ‘चल, चल’ करण्यात त्याची उमेद आणि तुमचे पैसे घालवू नका. त्या वयात व्हीलचेअर स्वतः ढकलणं, खुर्चीवरून खाटेवर सरकणं शिकवलं तर दिवसभराची उसाभर निम्मी होते. व्हीलचेअरचं नाव काढलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी वेळ आली की आम्ही ते नाव काढतो.

ढोबळ अंदाज हवा असेल तर एवढा देता येतो: दोन वर्षांचं होईपर्यंत आधाराशिवाय बसू लागलेलं लेकरू बहुधा पुढं चालतं.

चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, नऊ महिने झाले तरी बसत नाही, दीड वर्ष उलटलं तरी पाऊल टाकत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, यांतलं काही दिसलं तर दाखवायला उशीर करू नका. आणखी एक खूण फार जणांच्या लक्षात येत नाही. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात पुढं करत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ सतत मिटलेली असेल, तर ‘डावखुरं होणार’ म्हणून कौतुक करू नका. एका बाजूचा अशक्तपणा आधी असाच दिसतो.

घरातलं काम हाच व्यायाम

जेवणापासून सुरुवात करू, कारण ते दिवसातून तीनदा येतं. लेकराला मांडीवर आडवं घेऊन दुधात कालवलेली भाकरी भरवली तर पाच मिनिटांत काम होतं. त्याला बसवून त्याच्या हातानं खाऊ दिलं तर अर्धा तास जातो आणि निम्मं सांडतं. तरी एक वेळचं तरी तसंच होऊ द्या, संध्याकाळचं म्हणा. भिंतीला पाठ, कंबर मागं टेकलेली, पावलं पाटावर किंवा विटेवर सपाट. पाय लोंबकळत असतील तर सगळं बळ तोल सांभाळण्यातच जातं आणि हात मोकळा होत नाही. वाटी उभ्या काठाची घ्या, म्हणजे घास काठाला लागून चमच्यात चढतो. वाटीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. चमचा बारीक असेल तर दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, जाड दांडा पकडीत बसतो. तुमचा हात त्याच्या मनगटाखाली ठेवा, वरून पकडू नका. घास तोंडाजवळ पोचला की हात काढून घ्या. शेवटचं बोटभर अंतर त्याचं त्याला जाऊ द्या. ते जमलं की पुढच्या आठवड्यात तुमचा हात आणखी आधी निघेल. मात्र जेवताना ठसका लागत असेल, घास वारंवार नाकातोंडात जात असेल, तर आधी आम्हाला दाखवा.

कपड्यांचा नियम सोपा आहे. सदरा घालताना आधी अवघड हात, काढताना आधी सोपा हात. एवढं घरातल्या सगळ्यांनी पाळलं तरी ओढाताण थांबते आणि लेकराला क्रम पाठ होतो. दोन्ही हात एकत्र वापरायला लावायचे असतील तर तुरीच्या शेंगांसारखं काम नाही. अशक्त हातानं शेंग धरायची, दुसऱ्यानं सोलायची. हंगामात हे सगळ्या वाड्यांवर फुकट मिळतं.

शौचाचा प्रश्न बायका बोलायला लाजतात, म्हणून आम्हीच काढतो. टाचा आखडल्या की उकिडवं बसता येत नाही, लेकरू मागं कलंडतं, मग आई दोन्ही काखांत हात घालून धरून बसते. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की तिची पाठ जाते, आणि मुलगी असेल तर तिला लाज वाटायला लागते. हात असलेली जाड प्लास्टिकची खुर्ची घ्या, बैठकीला गोल कापून कड घासून गुळगुळीत करा, मागची बाजू भिंतीला टेकवून भांड्यावर बसवा. पाय टेकायला दोन्हीकडं वीट ठेवा. शेजारच्या भिंतीत, त्याच्या छातीच्या उंचीला, एक लोखंडी नळी आडवी पक्की बसवून घ्या. आमच्याकडं येणाऱ्या एका नववीतल्या मुलीनं एवढ्यावर आईला दाराबाहेर थांबायला सांगितलं. चालण्यात तिची दोन वर्षांत फारशी प्रगती झालेली नाही, आणि आम्ही हा उपचार फसला असं मुळीच मानत नाही.

उठता-बसताना पायात जोर यावा म्हणून बसून उभं राहण्याचा सराव देतो. सुरुवात उंच बैठकीवरून, तेलाचा पंधरा किलोचा भरलेला डबा चालेल. जमू लागलं की बैठक हळूहळू खाली आणत पाटापर्यंत. बाज नको, ती मध्ये झोळ खाते.

पांगुळगाडा की वॉकर

बाजारात गोल, मध्ये बसायचं आसन असलेले चाकांचे वॉकर मिळतात. ते घेऊ नका. लेकरू त्यात लोंबकळतं, चवड्यानं जमीन रेटतं आणि तीच सवय लागते. पडून डोक्याला लागण्याचा धोका वेगळाच. कॅनडानं २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा, कारण त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं असतं. फक्त पुढं विटा किंवा वाळूची पिशवी बांधून तो जड करा, नाहीतर पळतो. चार वर्षांपुढच्या मुलांना बहुधा पाठीमागं राहणारा, चालताना मुलानं स्वतः ओढत न्यायचा वॉकर लागतो. त्याची उंची आम्ही मापून देतो, अंदाजानं घेऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

दसरा झाला की पुष्कळ कुटुंबं टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. पाच-सहा महिन्यांचा खंड पडतो. ‘जाऊ नका’ म्हणणं सोपं आहे, उचल फेडायची असते ती तुम्हाला. म्हणून निघण्याआधी एकदा या. पाऊल सरळ ठेवायला दिलेले पायाचे पट्टे तोकडे झालेत का ते पाहू, आणि तीनच व्यायाम चित्रांसह कागदावर देऊ. जास्त दिले तर एकही होत नाही. कोपीत लेकराला दिवसभर झोळीत किंवा पाठीवर निजवून ठेवू नका. दोन भरलेली पोती काटकोनात लावली की कोपऱ्याची छान बैठक होते, पुढं डबा ठेवून खेळता येतं. लेकराला आजीपाशी ठेवणार असाल तर त्या शेवटच्या भेटीला आजीलाच घेऊन या. तोडीवरून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवा, पाहून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.

पट्टे, इंजेक्शन, ऑपरेशन

टाचेचा पट्टा, ताठरपणा कमी करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन, स्नायू लांब करण्याचं ऑपरेशन, हे सगळं योग्य वेळी उपयोगी आहे. पण इंजेक्शननं जो काही महिन्यांचा सैलपणा मिळतो, त्यात सराव झाला नाही तर पैसे वाया. न चालणाऱ्या मुलांच्या खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळानं काढावाच लागतो. खुबा हळूहळू सरकतो आणि दुखायला लागेपर्यंत कळत नाही.

सगळ्या आजारांना एकच नियम लागू नाही. तीन ते सहा वर्षांचा मुलगा सारखा पडत असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर त्याला जोराचे व्यायाम मुळीच देऊ नका. ती डचेन स्नायुविकाराची लक्षणं असू शकतात आणि जास्त जोरानं नुकसान होतं. डाऊन सिंड्रोमच्या बाळांचे सांधे सैल असतात, मानेवर जोर येईल अशी कोलांटीउडी नको. जन्मतः आत वळलेलं पाऊल मात्र पोन्सेटी पद्धतीच्या दर आठवड्याच्या प्लास्टरनं बहुतेक वेळा सरळ होतं, पण नंतर दोन बूट जोडणारी पट्टी चार वर्षांचं होईपर्यंत रात्री घालावी लागते. पाय सरळ दिसला म्हणून ती सोडली की पाऊल पुन्हा वळतं.

सेरेब्रल पाल्सी ‘बरी’ करून देतो म्हणून स्टेम सेल (मूळपेशी) किंवा जादा दाबाच्या ऑक्सिजनसाठी कुणी लाखांत पैसे मागत असेल तर जमीन गहाण टाकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्टेम सेलला नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या वगैरे मोजक्या आजारांसाठी; सेरेब्रल पाल्सी त्यात नाही. आमच्यासह कुणाकडंही जाताना राज्याच्या भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. राग येणार नाही.

सरकारी सोयी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. त्यावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. आईचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहेच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. शंका असेल तर ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथं उपचार मोफत होतात. ते तुम्हाला जवळ पडत असेल तर तिथंच जा. आम्ही घरचा कार्यक्रम ठरवून देऊ आणि महिन्यातून एकदा पाहू.

पहिल्या भेटीला येताना

जन्माच्या वेळची दवाखान्याची कागदं, एमआरआय झाला असेल तर त्याची फिल्म आणि चालू औषधं आणा. आकडी येत असेल तर तिचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फार कामाचा. लेकराचा रोजचा चमचा, वाटी आणि चप्पल पिशवीत टाका. लेकराला पोटभर खाऊ घालून नको, थोडी भूक ठेवून आणा, कारण आम्ही त्याला जेवताना पाहणार आहोत. दिवसभर त्याच्याजवळ जे असतं ते माणूस सोबत हवं. वडिलांना सुट्टी मिळाली नाही तरी चालेल. तपासणीला तास-दीड तास लागतो. ताप किंवा जुलाब असतील तर फोन करून दुसरा दिवस घ्या, त्याची फी लागत नाही.