एकच नाव, दोन जेआरएफ

गेल्या पावसाळ्यात पलूस तालुक्यातील एक ऊस उत्पादक पालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी आले. "सर, पोराला जेआरएफ मिळाली. आता पीएच.डी. होईपर्यंत पाच वर्षं पैशाची काळजी मिटली," असे त्यांनी आनंदाने सांगितले. जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, संशोधन करणाऱ्याला दरमहा मिळणारे मानधन. मुलगा केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. झालेला, अभ्यासू. मी नियुक्तीपत्र पाहायला मागितले. दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता, असे पहिल्याच परिच्छेदात ठळक छापले होते. शेवटून दुसऱ्या ओळीत मात्र नियुक्ती निव्वळ तात्पुरती असून ती प्रकल्पाच्या मुदतीबरोबर आपोआप संपुष्टात येईल, असे म्हटले होते. ती मुदत संपायला चौदा महिने उरले होते आणि पीएच.डी. हा शब्द त्या पत्रात कोठेही नव्हता. हातात घेतलेला पेढा खाऊन मगच मी बोललो.

हा घोळ त्या घरापुरता नाही. आपल्याकडे 'जेआरएफ' या एकाच नावाने दोन निराळ्या गोष्टी चालतात. पहिली खरी अधिछात्रवृत्ती, म्हणजे उमेदवाराने राष्ट्रीय परीक्षेच्या किंवा निवडीच्या बळावर स्वतः मिळवलेली आणि त्याच्या नावावर असलेली. दुसरे म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला मंजूर झालेल्या संशोधन प्रकल्पातील पद. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम ३१,००० वरून ३७,००० आणि तिच्या पुढच्या टप्प्याची, एसआरएफची (सीनियर रिसर्च फेलोशिप), ३५,००० वरून ४२,००० रुपये केली. हा दर दोन्हीकडे सारखाच दिसत असल्यामुळे फरक लक्षात येत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या जमिनीचा सातबारा तुमच्या नावावर आहे, दुसरी तुम्ही खंडाने करता. पीक दोन्हीकडे सारखेच येईल, पण खंडाची मुदत मालकाच्या कागदात लिहिलेली असते.

अधिछात्रवृत्तीची मुदत साधारण पाच वर्षांची असते. पहिली दोन वर्षे जेआरएफ, त्यानंतर कामाचे मूल्यमापन होऊन पुढे एसआरएफ. सीएसआयआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, अधिछात्रवृत्तीत यावर वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांची इथे आणखी एक फसगत होते. सीएसआयआरच्या नेट (राष्ट्रीय पात्रता) परीक्षेतील 'केमिकल सायन्सेस' हा विषय रसायनशास्त्राचा आहे. त्यात उष्णता व वस्तुमान संक्रमण, रिॲक्टरची रचना किंवा प्रक्रिया नियंत्रण येत नाही. आपल्या मुलांचा रस्ता बहुधा गेट या अभियंत्यांच्या राष्ट्रीय परीक्षेतून, म्हणजे तिथल्या 'सीएच' या केमिकल इंजिनिअरिंगच्या पेपरातून जातो. आयआयटीमध्ये गेटच्या आधारे मिळणारे अध्यापन साहाय्यकाचे मानधनही ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपयेच आहे. त्या बदल्यात आठवड्याला काही तास प्रयोगशाळा घेणे आणि उत्तरपत्रिका तपासणे ही कामे करावी लागतात. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती या सर्वांहून मोठी असून तिच्यात पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढे ८०,००० रुपये मिळतात. तिची निवडही तितकीच कठीण आहे.

प्रकल्पाच्या जेआरएफचा व्यवहार अधिक खोलात जाऊन पाहायला हवा, कारण अडचणी तिथे येतात. अनुदान मिळते प्राध्यापकांच्या संस्थेला, तेही हप्त्याहप्त्याने. संस्थेने मागील हप्त्याचे खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे, ते तपासले जावे आणि मग पुढचा हप्ता सुटावा, असा हा क्रम असतो. लेखा विभागातील एखादा कागद राहिला, तर त्याची झळ प्रकल्पात काम करणाऱ्या मुलाला बसते. माझ्या एका विद्यार्थिनीला चार महिने मानधन मिळाले नव्हते. मार्गदर्शकांनी चालढकल केली नव्हती. आदल्या वर्षीच्या उपकरण खरेदीचा हिशेब जुळत नव्हता, एवढेच कारण होते. घरून पैसे मागवून तिने खोलीचे भाडे भागवले.

दुसरी अडचण मुदतीची आहे. मोठे संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांचे असतात. मंजुरी मिळाल्यावर पदाची जाहिरात, मुलाखत आणि रुजू होणे यात सहज सहा महिने जातात. पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या वेळापत्रकानुसार होते. आपल्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ घ्या किंवा अन्य कोणते, मुलाखत आणि कोर्सवर्क (सुरुवातीचा ठरलेला अभ्यासक्रम) हे टप्पे कोणाला चुकत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे मिळतात. प्रत्यक्षात आपल्या शाखेत चार-पाच वर्षे लागतात. मळीच्या किण्वनावर काम करायचे म्हटले तरी एकेका प्रयोगाला दीड दिवस रात्रपाळीसह थांबावे लागते, आणि ऊर्ध्वपातनाचा लहानसा कॉलम उभा करायचा तर तो बनवून घेणे, जोडणे आणि गळती शोधणे यात पहिले वर्ष जाते. तीन वर्षांच्या प्रकल्पात उशिरा शिरलेल्या मुलाचा प्रबंध अर्ध्यावर असताना पैसे थांबतात, ते यामुळेच.

तरीही प्रकल्पाची जागा घेऊ नये असे मी म्हणणार नाही; उलट काही बाबतीत ती सरस आहे. केमिकल इंजिनिअरिंगचे प्रयोग महाग असतात आणि अधिछात्रवृत्तीसोबतचे वर्षाचे २०,००० रुपये अनेकदा गॅस क्रोमॅटोग्राफ या मिश्रणाचे घटक तपासणाऱ्या उपकरणाच्या एका कॉलमलाही पुरत नाहीत. प्रकल्पात मात्र रसायने, उपकरणे आणि प्रवास यांसाठी स्वतंत्र तरतूद असते. अधिछात्रवृत्ती माणसाचे पोट भरते, प्रकल्प प्रयोगाचे. स्वतःची अधिछात्रवृत्ती असलेला विद्यार्थी आणि चालू प्रकल्प असलेला मार्गदर्शक ही जोडी माझ्या मते सर्वांत सुखाची. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा १९३३ साली यूडीसीटी म्हणून सुरू झालेल्या मुंबईच्या आयसीटीमध्ये (रसायन तंत्रज्ञान संस्था) अर्ज करताना मार्गदर्शकांच्या हाती कोणते प्रकल्प आहेत, हे म्हणूनच विचारून घ्यावे. प्रकल्पात दोन वर्षे काम करून शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तर सीएसआयआरच्या थेट एसआरएफसाठी अर्ज करण्याची वाटही मोकळी होते.

घरभाड्याबाबत एक बारकावा आहे. मूळ रक्कम सर्वत्र एकच असली, तरी घरभाडे भत्ता शहराच्या वर्गवारीवर ठरतो. त्या वर्गवारीत मुंबई-पुणे सर्वाधिक भत्त्याच्या 'एक्स', सांगली मधल्या 'वाय' आणि सातारा सर्वांत कमी भत्त्याच्या 'झेड' वर्गात येते. जाहिरातीतला 'अधिक घरभाडे' हा शब्द वाचून गणित मांडताना संस्था कोणत्या शहरात आहे, ते आधी पाहावे.

पुण्याच्या सारथी व बार्टी आणि नागपूरच्या महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या कोणत्या गटात मोडतात, असेही विचारले जाते. त्या पहिल्या गटातल्या, म्हणजे उमेदवाराच्या नावावरच्या आहेत. त्यांचा क्रम मात्र उलटा असतो: आधी पीएच.डी.ची नोंदणी, मग अर्ज, मग पैसे. मधल्या काळाची सोय घरच्यांनाच करावी लागते.

त्या पालकांना मी हे सर्व सांगितले तेव्हा ते थोडे हिरमुसले, मग त्यांनी थेट विचारले, "म्हणजे नको म्हणू का पोराला?" मी नको म्हटले नाही. मुलाच्या एम.टेक.च्या वेळच्या गेटच्या गुणांची तीन वर्षांची मुदत संपत आली होती, म्हणून त्याने ती परीक्षा पुन्हा देण्यासाठी अर्ज केला. रुजू होण्याआधी त्याने प्राध्यापकांना तीन गोष्टी ई-मेलवर लेखी विचारल्या: प्रकल्पाला मुदतवाढ मिळण्याची शक्यता आहे का, पुढच्या प्रवेश फेरीत आपल्याकडे पीएच.डी.ची नोंदणी होईल का, आणि प्रकल्प संपल्यावर संस्थेचे स्वतःचे मानधन मिळू शकेल का. पहिल्या प्रश्नाला 'सांगता येत नाही', दुसऱ्याला 'होय' आणि तिसऱ्याला 'गेटचे गुण चालू असतील तर' अशी उत्तरे आली. तो रुजू झाला आणि फेब्रुवारीत परीक्षेलाही बसला.